परक्या आभाळाचे देणे

जुलै १९२० मध्ये युक्रेनच्या सपाट मुलखात सेम्योन बुद्योन्नीच्या लाल घोडदळाने एक वैमानिक जिवंत पकडला. विमान पोलंडचे होते, माणूस पोलंडचा नव्हता. अंगातले कपडे रेड क्रॉसने गरजूंना वाटलेले, कुणाच्या तरी वापरातले होते, आणि आतल्या कपड्यावर आधीच्या मालकाचे नाव होते : फ्रँक मोशर. कैद्याने तेच नाव आपले म्हणून सांगितले. हुद्दा विचारला तर म्हणाला, साधा कॉर्पोरल. दोन वर्षांपूर्वी जर्मनांशी लढताना जळत्या विमानात त्याचे हात भाजले होते. ते खडबडीत हात त्याने पुढे केले. हे कष्टकऱ्याचे हात आहेत, असे पकडणाऱ्यांना वाटले आणि गोळी टळली.

त्या घोडदळाबरोबर एक चष्मेवाला तरुण वार्ताहर म्हणून हिंडत होता. तो या अनवाणी कैद्याशी बोलला आणि त्याच्याविषयी आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले. रक्त, घोडे आणि लूट यांच्या त्या गर्दीत त्याला एकदम युरोपची, कॅफेंची, मागे राहिलेल्या जगाची सय आली. वार्ताहराचे नाव इसाक बाबेल. मोशर म्हणून आपण ज्याच्याशी बोललो तो कॅप्टन मेरियन कूपर होता, हे त्याला ठाऊक नव्हते. कूपर १९२१ च्या वसंतात दोन पोलिश सोबत्यांसह निसटला आणि पायी लाटव्हियाच्या हद्दीत पोचला. पुढे १९३३ साली त्यानेच ‘किंग काँग’ काढला. शेवटच्या दृश्यात उंच इमारतीवर चढलेल्या त्या अजस्र वानराला गोळ्या घालणाऱ्या विमानात कूपर आणि त्याचा सहदिग्दर्शक स्वतःच बसले होते. ज्याने उघड्या मैदानावरच्या घोडेस्वारांवर असेच झेप घेऊन गोळ्या झाडल्या होत्या, त्याला ते दृश्य कसे घ्यावे हे दुसऱ्या कुणाला विचारायची गरज नव्हती.

फ्लोरिडातला हा माणूस पोलंडच्या हवाई दलात काय करत होता? या पुस्तकाची सुरुवात या प्रश्नापासून होते आणि १९४८ पर्यंत तो निरनिराळ्या माणसांच्या तोंडून पुनःपुन्हा येत राहतो. परक्या देशाच्या युद्धात आपण होऊन उडायला गेलेले वैमानिक जगभर झाले. पहिल्या महायुद्धात फ्रान्सकडून उडालेल्या अमेरिकनांची लाफायेत तुकडी तर दंतकथाच होऊन बसली आहे. पण पोलंडची गोष्ट मला त्या सगळ्यांहून वेगळी वाटते, कारण तिच्यात देणे एकदा इकडून तिकडे गेले आणि वीस वर्षांनी तिकडून तिसरीकडे. आधी परक्यांनी पोलंडसाठी जीव दिला, मग पोलंडच्या पोरांनी परक्यांसाठी. प्रत्येकाने मनात हिशोब ठेवला होता. तो चुकता झाला की नाही, हे पाहायला ही पाने वाचायची.

कूपरच्या घराण्यात एक गोष्ट चालत आली होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात त्याचा पूर्वज कर्नल जॉन कूपर हा काझिमिएझ पुवास्की या पोलिश सरदाराच्या बरोबर लढला होता. पुवास्की १७७९ मध्ये सव्हाना येथे जखमी होऊन मेला. दुसरा पोलिश, तादेउश कोश्चुश्को, याने सॅराटोगाच्या लढाईपूर्वी मोर्चे बांधले आणि वेस्ट पॉइंटची तटबंदी उभारली. मायदेशी परतल्यावर १७९४ च्या उठावात त्याने विळे-कोयते सरळ करून घेतलेल्या शेतकऱ्यांना रशियन तोफांवर घातले. हे ऋण आपण फेडायला हवे, असे कूपर म्हणत असे. घराण्यातल्या अशा गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगताना वाढत जातात, हे आपल्याला पवाडे आणि बखरींमुळे नीट माहीत आहे. पण माणूस ज्या गोष्टीवर विश्वास ठेवून विमानात बसतो ती गोष्ट खरी की वाढवलेली, याने त्याच्या बसण्यात फरक पडत नाही.

तरी एवढ्यावर थांबू नये. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध संपले तेव्हा युरोपात हजारो वैमानिक पंचविशीच्या आत-बाहेर होते, आणि जे एकमेव काम त्यांना उत्तम येत होते त्याची गरज एका सकाळी संपली. कूपर त्यानंतर हर्बर्ट हूव्हरच्या अन्नमदत संस्थेच्या कामावर ल्वुव शहरात होता. आज ते युक्रेनचे ल्विव. तिथे त्याने उपासमार पाहिली, बोल्शेविकांच्या भीतीने गारठलेले लोक पाहिले, आणि १२३ वर्षे नकाशावर नसलेला देश पुन्हा उभा राहताना पाहिला. ऋण, बेकारी, साहसाची चटक, साम्यवादाचा तिटकारा : यातले काय किती, हे वेगळे काढता येत नाही. तो पॅरिसला गेला, सेड्रिक फाँटलरॉय या अनुभवी वैमानिकाला त्याने पटवले, आणि दोघांनी मिळून सुटीवरचे, घरी जायला निघालेले अमेरिकन वैमानिक गोळा केले. १९१९ च्या शरद ऋतूत ते ल्वुवला पोचले. नायक फाँटलरॉय, तुकडीचे नाव कोश्चुश्को.

तुकडीचे चिन्ह एलियट चेस या सदस्याने काढले. मध्ये क्राकोच्या शेतकऱ्याची लाल चौकोनी टोपी, मागे दोन फुल्या मारलेले कोयते, भोवती अमेरिकन झेंड्याचे पट्टे आणि १३ तारे. हे चिन्ह वाचकाने लक्षात ठेवावे, ते पुढे वीस वर्षांनी लंडनजवळच्या एका विमानतळावर पुन्हा भेटणार आहे. विमाने मात्र जुनीच होती, नुकत्याच बुडालेल्या ऑस्ट्रियन साम्राज्याच्या कारखान्यातली अल्बाट्रोस; पुढे इटालियन बालिला आली.

पोलंड आणि सोव्हिएत रशिया यांच्या त्या युद्धात हवेत त्यांना शत्रू जवळजवळ भेटलाच नाही. लाल सैन्याकडे विमाने थोडी होती. या तुकडीचे खरे काम जमिनीलगत उडून बुद्योन्नीच्या घोडदळावर मशीनगन चालवण्याचे होते. १९२० च्या ऑगस्टमध्ये ल्वुववर चालून येणाऱ्या त्या फौजेचा वेग त्यांनी कमी केला. एकेक वैमानिक दिवसातून कित्येक फेऱ्या करत असे. लष्करी इतिहासकार याला घोडदळाच्या युगाचा शेवट वगैरे म्हणतात. मला ते वाचताना घोडे दिसतात. वरून गोळ्या झाडणाऱ्याला शौर्य लागते हे खरे, कारण खालून रायफलींचा मारा चालू असतो आणि कूपरसारखे खाली पडतात. पण ते द्वंद्व नव्हते. ही बाजू झाकून ठेवली तर पुढच्या प्रकरणांतले कौतुकही खोटे वाटू लागेल.

आणखी एक अवघड जागा आहे. ज्या ल्वुवसाठी हे अमेरिकन लढले, ते शहर युक्रेनियनांनाही आपले वाटत होते. १९१८ च्या नोव्हेंबरात त्यावरून पोलिश आणि युक्रेनियन रस्त्यारस्त्यांत लढले होते. आसपासच्या खेड्यांत युक्रेनियन शेतकरी, शहरात पोलिश आणि ज्यू. फ्लोरिडा, मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्कहून आलेल्या माणसांना यातले किती कळत होते? त्यांनी एक बाजू निवडली आणि ती न्याय्य मानली. परका स्वयंसेवक आला की तो नेहमी एका स्वच्छ गोष्टीसाठी येतो, आणि जिथे येतो तिथली गोष्ट कधीच स्वच्छ नसते.

तीन अमेरिकन त्या मातीत राहिले. एडमंड ग्रेव्हज तर युद्धात नव्हे, नोव्हेंबर १९१९ मध्ये ल्वुववर प्रात्यक्षिक उड्डाण करताना पडला. आर्थर केली आणि टी. व्ही. मॅककॅलम १९२० मध्ये आघाडीवर गेले. शहराच्या लिचाकिव दफनभूमीत त्यांचे स्मारक उभे राहिले. १९३९ नंतर शहर सोव्हिएत राज्यात गेले आणि १९७१ मध्ये दफनभूमीच्या त्या भागावर यंत्रे फिरवली गेली. युक्रेन स्वतंत्र झाल्यावर, पोलंड आणि युक्रेन यांच्यात बरीच कुरबूर होऊन, तो भाग २००५ मध्ये पुन्हा खुला झाला.

इथे भाडोत्री आणि स्वयंसेवक यांतला भेद एकदा बोलून टाकू, कारण वाचकाच्या मनात तो येणारच. मराठी वाचकाला परके शिपाई नवे नाहीत. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी द बॉयनने उभारल्या त्या पगारावर. इब्राहिमखान गारदी पानिपतावर भाऊसाहेबांच्या बाजूने होता तोही पगारावरच. तरीही तो रणात उभा राहिला, पकडला गेला आणि मारला गेला. पगार घेतो म्हणून निष्ठा नाही, हा हिशोब आपल्याच इतिहासाने खोटा पाडला आहे. उलट टोकाला चीनमधले अमेरिकन ‘फ्लाइंग टायगर्स’ घ्या. १९४१ मध्ये क्लेअर शेनॉल्टने त्यांना कंत्राटावर नेले तेव्हा वैमानिकाला महिना ६०० डॉलर, म्हणजे अमेरिकन हवाई दलातल्या पगाराच्या दुपटीहून अधिक, आणि पाडलेल्या प्रत्येक जपानी विमानामागे ५०० डॉलर ठरले होते. अमेरिका तेव्हा तटस्थ, म्हणून सगळा व्यवहार एका विमान कंपनीच्या नावावर. २० डिसेंबर १९४१ रोजी कुनमिंगवर त्यांची पहिली चकमक झाली आणि चिनी लोकांनी त्यांना देवासारखे डोक्यावर घेतले. त्यांना भाडोत्री म्हणा, चीनमध्ये तुमच्याशी कुणी सहमत होणार नाही.

आणि तिसरा प्रकार आपल्या अधिक जवळचा. पहिल्या महायुद्धात हरदित सिंग मलिक या ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्याला रॉयल फ्लाइंग कोअरने घेतले नाही. तो फ्रेंच रेड क्रॉसची रुग्णवाहिका चालवू लागला आणि फ्रेंच हवाई दलात जायच्या तयारीला लागला. फ्रेंच घेतात आणि आपण घेत नाही हे लाजिरवाणे होईल, असे त्याच्या ऑक्सफर्डच्या शिक्षकाने वरपर्यंत कळवले, तेव्हा ब्रिटिशांनी दार उघडले. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर त्याच दलात वैमानिक झाले आणि १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर कामी आले. परके म्हणावे तर ते साम्राज्याचे प्रजाजन, आणि प्रजाजन म्हणावे तर त्यांना दारात अडवणारेही तेच साम्राज्य. या पुस्तकात ते नाहीत, ते त्याच्या कक्षेबाहेर पडतात. पण पोलिश वैमानिकांना इंग्लंडमध्ये पहिल्या महिन्यांत मिळालेली वागणूक वाचताना वेलिणकर आणि मलिक यांची आठवण ठेवावी.

आता पोलिश वैमानिकांकडे. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनी आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत रशिया पोलंडवर चालून आले. पोलिश हवाई दल पहिल्याच दिवशी जमिनीवर नष्ट झाले, असे बरेच ठिकाणी छापलेले आढळते. ते चुकीचे आहे. लढाऊ तुकड्या आधीच राखीव धावपट्ट्यांवर हलवल्या होत्या आणि त्या लढल्या. त्यांचे पी-११ हे विमान जर्मन मेसरश्मिटच्या तुलनेत फारच हळू होते, चाके आत न जाणारे, पण वळायला चपळ. वॉर्सावर ज्या तुकड्या उडाल्या त्यांत १११ वी तुकडी होती, जी कूपर-फाँटलरॉयच्या तुकडीची थेट वारसदार आणि तेच लाल टोपीचे चिन्ह विमानांवर घेऊन फिरणारी.

पराभवानंतर वैमानिकांना हुकूम होता : देश सोडा, रुमानियाला जा. तिथे त्यांना नजरकैदेच्या छावण्यांत ठेवले गेले. पहारेकऱ्यांना लाच, खोटी कागदपत्रे, काळ्या समुद्रावरून बैरुत, तिथून मार्सेय. विशीतली ही मुले एकेक करून फ्रान्सला पोचली. फ्रान्सने त्यांना महिनोन्‌महिने रिकामे बसवले आणि जून १९४० मध्ये स्वतःच शरण गेला. मग जे मिळेल त्या जहाजाने इंग्लंड. पोलिशांनी त्या बेटाला शेवटच्या आशेचे बेट असे नाव दिले होते. १९४० च्या उन्हाळ्यात तिथे आठ हजारांच्या आसपास पोलिश हवाई सैनिक जमले होते.

ब्रिटिशांना यांचे काय करावे हे कळेना. अठरा दिवसांत हरलेले हवाई दल, असा त्यांचा समज. आधी येणाऱ्यांना ब्रिटिश राखीव दलात भरती होऊन राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागली. आपले सरकार अस्तित्वात असताना दुसऱ्याच्या राजाची शपथ, हे अनेकांना कडू घोटासारखे गेले. ५ ऑगस्ट १९४० च्या कराराने ती अडचण सुटली : पोलिश हवाई दल पोलंडचेच राहील, लढेल मात्र ब्रिटिश हुकमतीखाली. खर्च? ब्रिटन पोलिश सरकारला देईल त्या कर्जातून. म्हणजे लंडनवर पडणारे बॉम्ब अडवताना पोलंडच्या नावावर उधारी चढत होती.

नॉर्थोल्ट हा लंडनच्या पश्चिमेचा विमानतळ. २ ऑगस्ट १९४० रोजी तिथे ३०३ क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली, बहुतेक १११ व्या तुकडीतल्या माणसांची. चिन्ह तेच, अमेरिकन पट्टे आणि १३ तारे असलेले. इंग्लंडच्या हवेत, ब्रिटिश हरिकेनवर, पोलिश पोरांच्या हाती एका अमेरिकन वैमानिकाने काढलेले चित्र! नायकपद दुहेरी होते : ब्रिटिश बाजूने रॉनल्ड केलेट, पोलिश बाजूने झ्जिस्वाव क्रास्नोदेंब्स्की. दोघे एकमेकांशी फ्रेंचमध्ये बोलत. जॉन केंट नावाचा कॅनडियन फ्लाइट कमांडर विमानाच्या सगळ्या भागांना पोलिशमध्ये काय म्हणतात ते विचारून, उच्चाराप्रमाणे आपल्या विजारीच्या पायावर लिहून घेई. पोरांनी त्याला ‘केंटोव्स्की’ करून टाकले.

अडचणी भाषेपुरत्या नव्हत्या. किलोमीटरची सवय, इथे मैल. मीटरऐवजी फूट, लिटरऐवजी गॅलन. इंजिनाची कळ त्यांच्या विमानांत ज्या दिशेने ओढायची त्याच्या उलट दिशेने इथे ढकलायची. सगळ्यांत घातकी म्हणजे चाके. जन्मभर स्थिर चाकांच्या विमानातून उतरलेला माणूस घाईत चाके बाहेर काढायला विसरतो आणि विमान पोटावर घसरते. रेडिओवरचे हुकूम अंगवळणी पडावेत म्हणून लढाई करून आलेल्या या वैमानिकांना फुटबॉलच्या मैदानावर तीनचाकी सायकली चालवायला लावल्या. सायकलीवर रेडिओ, होकायंत्र आणि वेगमापक. बातमीपटातले ते दृश्य गमतीचे वाटते, पण त्या क्षणी त्यातल्या कित्येकांच्या घरी जर्मन सैनिक उतरलेले होते. हसणाऱ्यांना त्याची कल्पना नसावी.

३० ऑगस्टला सरावासाठी गेलेल्या तुकडीतून लुडविक पाश्कीएविच याला दूरवर जर्मन विमाने दिसली. त्याने रेडिओवर कळवले. उत्तर आले नाही. तो रांग सोडून निघून गेला, एक विमान पाडून परत आला, आणि केलेटने त्याला आधी बेशिस्तीबद्दल झापले, मग अभिनंदन केले. दुसऱ्या दिवशी स्क्वाड्रन लढाईसाठी सज्ज घोषित झाली. पाश्कीएविच चार आठवड्यांनी, २७ सप्टेंबरला मारला गेला.

लढाईत उतरल्यापासूनच्या सहा आठवड्यांत ३०३ ने १२६ विमाने पाडल्याचा दावा केला. इतका मोठा आकडा नॉर्थोल्टचे प्रमुख स्टॅन्ली व्हिन्सेंट यांना पटेना, म्हणून ते स्वतः विमान घेऊन त्यांच्या मागोमाग गेले आणि परत येऊन म्हणाले, हे खरेच पाडतात. युद्धानंतर जर्मन नुकसानीच्या नोंदी ताडून पाहिल्यावर सगळ्याच स्क्वाड्रनांचे आकडे उतरले, ३०३ चेही बरेच उतरले. पोलिश राष्ट्राभिमानी लेखकांना हे आवडत नाही. मला त्यात कमीपणा दिसत नाही. तीनचार जण एकाच विमानावर तुटून पडले की प्रत्येकाला ते आपणच पाडले असे वाटते. ताशी पाचशे किलोमीटरने जाताना कोण मोजत बसणार? उतरवलेल्या आकड्यानेही ती स्क्वाड्रन वरच्या रांगेत राहते. त्यांचे तंत्र साधे होते : अगदी जवळ जा, मग गोळी झाड. ब्रिटिश पुस्तकात दूरचा नेम होता. पोलिशांनी पुस्तक बाजूला ठेवले.

३०३ मधला सर्वांत यशस्वी वैमानिक पोलिश नव्हताच. योसेफ फ्रान्तिशेक हा चेक. १९३९ च्या मार्चमध्ये जर्मनांनी प्राग घेतल्यावर तो पोलंडला पळाला, पोलिश हवाई दलात गेला, त्यांच्याबरोबर फ्रान्सला आणि तिथून इंग्लंडला आला, आणि चेक स्क्वाड्रनीत जायची मुभा असून पोलिशांतच राहिला. परक्यांच्या तुकडीतला परका. तांड्याबरोबर उडणे त्याला जमत नसे. तो एकटाच वेगळा होऊन, परतणाऱ्या जर्मन विमानांची वाट पाहत असे. वरिष्ठांनी शेवटी हात टेकले आणि त्याला हवे तसे उडू दिले. १७ विमाने त्याच्या नावावर लागली. ८ ऑक्टोबर १९४० रोजी उतरताना त्याचे विमान कोसळले.

ब्रिटनच्या लढाईत १४५ पोलिश वैमानिक होते, सगळ्या परदेशी गटांत सर्वाधिक. एकूण सुमारे २,९०० वैमानिकांपैकी. हवाई संरक्षणाचे प्रमुख डाउडिंग, जे आरंभी पोलिशांविषयी साशंक होते, त्यांनीच पुढे कबूल केले की यांच्याशिवाय निकाल तोच लागला असता असे म्हणवत नाही. इंग्लिश घरांत पोलिश वैमानिक पाहुणा असणे ही शान झाली. लंडनमध्ये खानावळवाले पैसे घेत नसत. १९४१ मध्ये नॉर्थोल्टला एक पन्नाशीकडे झुकलेला अमेरिकन अधिकारी आपले चिन्ह लावलेली विमाने पाहायला आला होता : मेरियन कूपर. पुढच्या वर्षी तो चीनमध्ये शेनॉल्टचा प्रमुख साहाय्यक झाला. आणि १९४३ मध्ये त्याच शेनॉल्टच्या हाताखाली चीनमध्ये उडायला कोण गेला? ३०३ चा माजी नायक विटोल्ड उर्बानोविच. पोलंडच्या राजदूतावासातले काम सोडून, जपानशी आपले थेट काही वैर नसताना! कादंबरीकाराने हे लिहिले असते तर संपादकाने कापले असते.

यापुढची प्रकरणे वाचायला जड आहेत. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाच्या परिषदेत पोलंडचे भवितव्य पोलंडशिवाय ठरले. ५ जुलैला ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेऊन वॉर्सातल्या साम्यवादी सरकारला दिली. ८ जून १९४६ च्या लंडनमधल्या विजय संचलनाला पश्चिमेत लढलेल्या पोलिश फौजांना बोलावणेच नव्हते. आमंत्रण वॉर्साला गेले आणि वॉर्साने कुणाला पाठवले नाही. फक्त २५ वैमानिकांनी ब्रिटिश हवाई दलाबरोबर चालावे, असे त्यांना सुचवण्यात आले. बाकीच्या सोबत्यांना वगळून आम्ही येणार नाही, म्हणून त्यांनी नकार दिला. गरज सरो, वैद्य मरो. मी इंग्लंडला यासाठी सरसकट शिव्या द्यायला तयार नाही : १९४७ च्या कायद्याने लाखावर पोलिशांना तिथे राहण्याचा हक्क मिळाला, आणि १९४८ मध्ये नॉर्थोल्टजवळ पोलिश वैमानिकांचे स्मारक उभे राहिले. पण राहायला जागा देणे आणि रांगेत जागा देणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ती मुले रांगेसाठी लढली होती. लंडनच्या आभाळात उडताना त्यांच्या डोळ्यांसमोर वॉर्साचा रस्ता होता. इंग्लंड वाचवणे हा घरी परतायचा मार्ग होता. इंग्लंड वाचले. मार्ग बंद झाला.

परतले त्यांचे काय झाले ते स्तानिस्वाव स्काल्स्कीवरून कळते. ब्रिटनच्या लढाईत लढलेला, पोलंडचा सर्वाधिक यशस्वी वैमानिक. १९४७ मध्ये घरी गेला, १९४८ मध्ये हेरगिरीच्या आरोपावरून अटक, फाशीची शिक्षा, मग ती जन्मठेपेवर आली, १९५६ मध्ये सुटका. आणि जो परतला नाही त्या यान झुंबाखचे आयुष्य भाडोत्री व स्वयंसेवक यांच्यात रेघ ओढणाऱ्या प्रत्येकाने वाचावे. १९४२ मध्ये तो ३०३ चा नायक होता, त्याच्या स्पिटफायरवर डोनाल्ड डक रंगवलेला असे. युद्धानंतर तस्करी, १९६२ मध्ये फुटून निघालेल्या कटांगासाठी हवाई दल उभारणे, १९६७ मध्ये बियाफ्राच्या बाजूने जुनाट बॉम्बर विमान चालवणे, दोन्ही वेळा पैशासाठी. तोच माणूस, तेच हात. फरक एवढाच की आता कुठलेही घर वाट पाहत नव्हते.

मराठी वाचकाला या गोष्टीतला आपला धागा दूर शोधावा लागत नाही. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात पोलिशांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसे, बहुतेक स्त्रिया आणि मुले. १९४० पासून सोव्हिएतांनी त्यांना पूर्व पोलंडमधून, त्याच ल्वुवच्या आसपासच्या मुलखातून, सायबेरिया व कझाकस्तानात नेऊन टाकले होते. १९४२ मध्ये जनरल आंदेर्सच्या फौजेबरोबर ती इराणमार्गे बाहेर पडली. बाप, भाऊ पोलिश फौजेत, काही हवाई दलात. म्हणजे कुणी इंग्लंडच्या किंवा इटलीच्या आघाडीवर लढत असताना त्याची आई पंचगंगेच्या काठी पत्राची वाट पाहत होती. वळिवड्यात पोलिश शाळा होत्या, चर्च होते, नाटके व्हायची. आजाऱ्यांना पाचगणीला हवापालटासाठी नेत. पोलिश मुले मराठी बोलायला शिकली. कोल्हापुरात महावीर उद्यानाजवळ त्यांचे स्मारक आहे आणि वॉर्सात कोल्हापूरचे. वळिवड्याविषयी मराठीत लिहिले गेले आहे. पण तिथल्या बायका ज्यांची वाट पाहत होत्या ते काय करत होते, हे मात्र मराठीत फारसे आलेले नाही. ती जागा हे पुस्तक भरून काढते.

१९४८ चा एक तपशील मला विलक्षण वाटतो. त्या वर्षी वळिवड्याची छावणी मोकळी झाली आणि तिच्या बराकींत फाळणीने घरे गेलेली सिंधी कुटुंबे येऊन राहिली. आज त्या वस्तीला गांधीनगर म्हणतात. आणि त्याच वर्षी सिंधच्या राजधानीत, कराचीत, नवजात पाकिस्तानी हवाई दलाला शिकवण्यासाठी इंग्लंडहून तीसएक पोलिश हवाई अधिकारी व तंत्रज्ञ उतरले. त्यांचा म्होरक्या व्वादिस्वाव तुरोविच. परतायला देश नव्हता, इंग्लंडमध्ये काम नव्हते, आणि तीन वर्षांचे कंत्राट समोर होते. तुरोविच कंत्राट संपल्यावरही तिथेच राहिला, एअर कमोडोर झाला आणि १९६७ मध्ये पाकिस्तानच्या अवकाश संशोधन संस्थेचा प्रमुख झाला.